शोध घेणारी बाई कोणती: आमिश की मेनोनाइट?
अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्यात हलकीफुलकी, रक्तपात पडद्याआड ठेवणारी रहस्यकथा घडवायची असेल, तर नायिका आमिश असावी की मेनोनाइट, हे आधी ठरवावे लागते. या दोन्ही ख्रिस्ती पंथांचे मूळ एकच असून, १६९३ च्या सुमारास याकोब आमान या धर्मगुरूंनी अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरल्यामुळे आमिश वेगळे झाले.

आमिश नायिकेचे सामर्थ्य तिच्या मर्यादांतूनच येते. टेलिफोन घरात नसतो, तो बाहेरच्या खोपटात असतो. पंथाच्या नियमामुळे मोटार चालवता येत नाही, म्हणून संशयिताचा पाठलाग घोडागाडीतूनच करावा लागतो. उपासना एक रविवार आड कोणाच्या तरी घरी भरते आणि त्यानंतरच्या पंगतीत सगळ्या वस्तीची खबर आपोआप तिच्या कानावर येते. इथे विनोद ओढूनताणून आणावा लागत नाही. मात्र आमिश पुरुषांच्या टोपी आणि दाढीलाच हसणे मला उथळ वाटते.

मेनोनाइटांतही घोडागाडीवाले आहेत (लँकेस्टरमध्ये आमिशांची गाडी करडी, त्यांची काळी), पण बहुतेक जण मोटार चालवतात. त्यामुळे पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणारी मेनोनाइट बाई आमिश शेजारणीकडून सकाळी ऐकलेली गोष्ट दुपारपर्यंत स्वतः जाऊन पडताळू शकते, आणि शेजारणीचे मौन नेमके कशामुळे आहे हेही तिला उमगते. म्हणूनच मी तिलाच निवडेन.

शपथ घेणे मात्र दोन्ही पंथांना वर्ज्य आहे. न्यायालयात दोघीही शपथेऐवजी केवळ सत्यकथनाची ग्वाही देतील.