मुठीला पैकीच्या पैकी, पात्याला नाही

अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, २६ इंची करवत कित्येक वर्षं माळ्यावर पोत्यात गुंडाळून पडली होती. मुठीचं वरचं शिंग, म्हणजे वरचं निमुळतं टोक, तुटलेलं, पातं गंजून तपकिरी, दाते पार बोथट. जुन्या करवती दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांकडे ती कुरिअरनं पाठवली, पाच आठवड्यांनी परत आली. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रारही आहे.

आधी मूठ. पैसे तिथंच वसूल झाले. शिंगाच्या टोकाशी लाकडाचे रेषे आखूड पडतात, म्हणून करवत हातातून निसटली की नेमकं तेच उडतं. लांबी (पुट्टी) भरून वर रंग फासलेली शिंगं मी पाहिली आहेत, महिन्याभरात पुन्हा हातात येतात. यांनी तुटलेली जागा रंध्यानं सपाट केली, रेषे जुळतील असा लाकडाचा तुकडा चिकटवला आणि वाळल्यावर कानशीनं त्याला घाट दिला. सांधा शोधायला मला मूठ खिडकीपाशी न्यावी लागली. केसाएवढी रेघ दिसते, नवा तुकडा किंचित फिका आहे. सफरचंदाचं लाकूड आहे, वापरात काळवंडेल. वर चकचकीत व्हार्निश नाही, नुसतं जवसाचं तेल. आणि अण्णांच्या अंगठ्यानं झिजून पडलेला खळगा तसाच ठेवलाय! तो घासून काढला असता तर मी भांडलेच असते.

धारही चोख. आधी सपाट कानस फिरवून सगळे दाते एका पातळीत आणले, मग तिधारी कानशीनं एकेक दाता घासला, मग आळीपाळीनं डावीउजवीकडे वाकवला. आडवं कापायची करवत आहे, इंचाला ८ टोकांची. अशा करवतीची जुनी परीक्षा म्हणजे दात्यांच्या दोन ओळींमधल्या चरात शिवणाची सुई ठेवायची आणि करवत तिरकी करायची. सुई मुठीपासून टोकापर्यंत सरसरत गेली, कुठंही बाहेर पडली नाही. मी दोनदा केलं, दुसऱ्यांदा निव्वळ मजा म्हणून.

आता पातं. मुठीतल्या पितळी बिल्ल्यावर डिस्टनचं नाव आहे. हेन्री डिस्टननं फिलाडेल्फियात १८४० मध्ये सुरू केलेली ही कंपनी १९५५ मध्ये विकली गेली. बिल्ल्यावरून करवतीच्या काळाचा अंदाज येतो, पण मॉडेल कळतं ते पात्यावर अ‍ॅसिडनं कोरलेल्या अक्षरांवरून. पाठवण्यापूर्वी तिरप्या उजेडात ती अक्षरं मला पुसट का होईना, दिसत होती. आता फक्त एका अक्षराची कड उरली आहे. पात्यावर गोलगोल ओरखडे आहेत, म्हणजे तारेचा ब्रश मशीनला लावून फिरवलेला. सपाट ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, तेलाचं बोट देत घासलं असतं तर कागद वरवरचा गंज नेतो आणि खोलगट अक्षरांतला काळेपणा राहतो. वेळ लागतो, एवढंच.

फोन केला तर म्हणाले, "ताई, गंज काढायचा म्हटलं की थोडं जायचंच." जो माणूस शिंगासाठी रेषे जुळवत बसतो, त्यानं हे म्हणावं याचंच जास्त वाईट वाटलं. चिठ्ठीत 'अक्षरं सांभाळा' असं मीही लिहिलं नव्हतं, तुम्ही मात्र जरूर लिहा.

आणखी एक, ज्यांचे दाते निळे-काळे दिसतात त्या हल्लीच्या करवती पाठवू नका. ते दाते तापवून इतके कडक केलेले असतात की त्यांच्यावर कानस चालत नाही. पार्सल न उघडल्यासारखं परत येईल.

माझ्याकडे उभं चिरायची एक करवत अजून आहे, तिच्या मुठीला मधोमध तडा गेलाय. काल स्क्रू काढून मूठ वेगळी केली आणि त्यांच्याच पत्त्यावर पाठवली. पातं घरी ठेवलंय.