अल्पमतातल्या पक्षाचा महापौर: न्यूयॉर्कची वाट की जळगावची?

शहरात आपला पक्ष तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर, ताकद मोजकी. ती सर्वोच्च पदावर लावायची की नाही, हे ज्यांना ठरवायचं आहे त्यांच्यासाठी ही तुलना. अशा पक्षाचा महापौर होऊ शकतो, झालेलाही आहे. पण मतदार थेट महापौर निवडतात तिथलं गणित वेगळं आणि नगरसेवक निवडतात तिथलं वेगळं.

थेट निवडणूक: न्यूयॉर्क

तिथे नोंदणीकृत डेमोक्रॅट मतदार रिपब्लिकनांच्या पाच-सहा पट आहेत. तरीही १९९३, १९९७, २००१ आणि २००५ अशा सलग चार निवडणुका रिपब्लिकन उमेदवारांनी जिंकल्या. कशा, ते १९९३ च्या आकड्यांत दिसतं. रिपब्लिकन रुडी ज्युलियानी तेव्हाचे डेमोक्रॅट महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्यापेक्षा साधारण ५३ हजार मतांनी पुढे राहिले. न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवर एकाच उमेदवाराचं नाव दोन पक्षांच्या ओळींत येऊ शकतं आणि दोन्हीकडची मतं एकत्र मोजली जातात. ज्युलियानींना लिबरल पक्षाच्या ओळीवर ६२ हजारांवर मतं पडली, म्हणजे मताधिक्यापेक्षा जास्त. नुसत्या रिपब्लिकन ओळीवरची त्यांची मतं डिंकिन्स यांच्यापेक्षा कमीच होती. २००१ मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांचंही तेच झालं: आघाडी साधारण ३५ हजारांची आणि इंडिपेंडन्स पक्षाच्या ओळीवरची मतं ५९ हजार.

ही दुसरी ओळ त्या मतदारासाठी असते, ज्याला उमेदवार पटतो पण त्या पक्षाच्या नावापुढे खूण करणं जिवावर येतं. ती आपोआप मिळत नाही. उमेदवार त्या पक्षाचा सदस्य नसेल तर पक्षाच्या समितीची लेखी परवानगी लागते.

शिवाय समोरच्या मोठ्या पक्षाला तडा जावा लागतो. १९९० साली शहरात दोन हजारांवर खून झाले होते, १९९१ मध्ये क्राउन हाइट्सची दंगल झाली. त्याचा राग डिंकिन्स यांना भोवला. २००१ मध्ये मार्क ग्रीन आणि फर्नांडो फेरर यांच्यातली पक्षांतर्गत दुसरी फेरी इतकी कडवट झाली की डेमोक्रॅट एकदिलाने उतरलेच नाहीत. त्यात ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे ७ कोटींहून अधिक डॉलर ओतले.

आज यातली एक फट बुजली आहे. २०२१ पासून पक्षांतर्गत निवडणुकीत पसंतीक्रमाने मतदान होतं, त्यामुळे वेगळी दुसरी फेरी उरली नाही. २०२५ मध्ये आणखी एक धोका दिसला. डेमोक्रॅटिक पक्षातलेच अँड्र्यू क्युओमो अपक्ष उभे राहिले आणि रिपब्लिकन कर्टिस स्लिवा ७ टक्क्यांच्या आसपास अडकले. मोठ्या पक्षाचा तगडा बंडखोर मैदानात असला की छोट्या पक्षाचे मतदारही ‘हा तरी त्यांच्या अधिकृत उमेदवाराला पाडेल’ म्हणून त्याच्याकडे जातात. बंडखोरीमुळे आपलं फावेल असं गृहीत धरून उमेदवारी घेऊ नये.

नगरसेवकांकडून निवड: जळगाव आणि सांगली

जळगाव महापालिकेत ७५ जागा. २०१८ मध्ये भाजपचे ५७ निवडून आले, शिवसेनेचे १५, एमआयएमचे ३. मार्च २०२१ मध्ये भाजपचे २७ फुटले आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या. त्याच्या आधीच्या महिन्यात सांगलीत ७८ च्या सभागृहात १५ जागांच्या राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी काँग्रेसच्या साथीने ३९ विरुद्ध ३६ असे निवडून आले. तिथे भाजपचे पाच जण फुटले आणि दोघं आलेच नाहीत. म्हणजे पाचवा हिस्सा जागांवर महापौरपद मिळालं. मतदाराकडे पुन्हा जावंच लागलं नाही.

दोन्ही वेळा करोनामुळे सभा ऑनलाइन होती. एरवी ‘सहलीला’ नेलेले नगरसेवक बसमधून सभागृहात सुखरूप आणणं हेच सगळ्यात जोखमीचं काम असतं.

हात वर करून मतदान होत असल्याने एकटादुकटा सहसा फुटत नाही, फुटतात ते गटाने. चंडीगडला मतपत्रिका गुप्त होती. तिथे जानेवारी २०२५ मध्ये आप-काँग्रेसकडे कागदावर २० मतं होती, पडली १७, आणि भाजप १९ मतं मिळवून जिंकला.

फसतं कुठे? पहिलं म्हणजे सोडत. महापौरपद ज्या प्रवर्गासाठी आरक्षित निघेल त्या प्रवर्गाचा नगरसेवकच आपल्याकडे नसेल तर दावा तिथेच संपतो. पंधरा जणांच्या गटात ही शक्यता मोठी असते, म्हणून तिकीटवाटपातच याचा विचार हवा. दुसरं म्हणजे पक्षादेश. विभागीय आयुक्तांकडे गटनोंदणी आणि गटनेता कोण, हे पक्कं नसेल तर पक्षादेश मोडणाऱ्याचं पद घालवणाऱ्या १९८६ च्या अनर्हता कायद्याचा आपल्या नगरसेवकांना धाक उरत नाही. तुमच्याकडे येणाऱ्यांच्या डोक्यावर मात्र तो असतो. तिसरं म्हणजे मुदत अडीच वर्षांची. तेवढ्यात सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागते.

पद मिळाल्यावर हातात काय येतं?

न्यूयॉर्कचा महापौर पोलीस आयुक्त नेमतो, अंदाजपत्रक मांडतो, ५१ जणांच्या परिषदेने केलेले कायदे नाकारू शकतो. परिषद विरोधी पक्षाची असली तरी तो कारभार करू शकतो. आपल्याकडे कारभार आयुक्तांकडे आणि पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. महापौर सभा चालवतो.

थेट निवडून आला तरी सभागृह विरोधात असेल तर भारतात महापौर टिकणं अवघड. जबलपूरला २०२२ मध्ये मतदारांनी काँग्रेसचा महापौर थेट निवडला, पण नगरसेवकांत बहुमत भाजपचं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत महापौर भाजपमध्ये गेले.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. महापालिकेत १५-२० टक्के जागा असतील आणि मोठ्या पक्षात उघड फूट नसेल तर महापौरपदामागे लागू नये. पाठिंब्याच्या बदल्यात स्थायी समितीचं अध्यक्षपद मागावं, तिथून प्रभागातली कामं मार्गी लागतात.

नगरपालिकेचं गणित निराळं. तिथे नगराध्यक्ष थेट निवडला जातो आणि पक्षापलीकडे ओळख असलेला उमेदवार असेल तर जरूर लढावं. आपल्या मतदान यंत्रावर एका उमेदवाराला एकच चिन्ह, त्यामुळे न्यूयॉर्कसारखी दुसरी ओळ नाही. तिचं काम शहर विकास आघाडी करते: ज्यांना तुमच्या पक्षाचं बटण दाबवत नाही ते आघाडीचं दाबतात. पण आघाडीची नोंदणी राज्य निवडणूक आयोगाकडे वेळेत व्हायला हवी आणि नगरसेवकपदाचे उमेदवारही त्याच चिन्हावर हवेत. नाहीतर नगराध्यक्ष एकटा निवडून येतो आणि पहिल्याच सभेत अडतो.