६८ हजारांचं लेबल

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचं पोतं उघडलं की आडत्या आधी मूठभर दाणे हातात घेतो, दोन दाताखाली घालतो, मग ओलावा मोजायच्या यंत्राकडे वळतो. १२ टक्क्यांच्या वर काटा गेला की भाव पाडायला मोकळा. माझ्या वडिलांचा जन्म हे बघण्यात गेला. त्यामुळे मी ६८ हजारांची गिटार नुसते फोटो बघून मागवली हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "आडत्या दहा हजारांच्या मालाला दाणा चावून बघतो, अन् तू फोटू बघून पैसे धाडलास व्हय रे?"

वर मी शिकवतो काय, तर फिजिक्स. अकरावीच्या पोरांना ताणलेल्या तारेची कंपनं समजावून सांगतो. असो.

फ्लेमेंकोचा, म्हणजे स्पेनमधल्या गिटार-गाणं-नाचाच्या संगीताचा, नाद लागला तो तालामुळे. घरात भजनाचा तबला, त्यामुळे एकताल अंगात मुरलेला. त्यातला सोलेआ हा प्रकार ऐकला तर तिथंही बाराच मात्रा, पण वजन तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. आपली सम पहिलीवर, त्यांचा जीव बारावीवर. चार वर्षं नऊ हजारांच्या साध्या क्लासिकल गिटारवर घासलं. या वादनात बोटानं गिटारच्या फळीवर ठोका मारतात, त्याला गोल्पे म्हणतात. त्या ठोक्यांनी तिचं पॉलिश उडालं, तेव्हा ठरवलं की आता एक खरी घ्यायची, हातानं बनवलेली.

जमवलेले पैसे ७० हजार. स्पेनमधल्या कारागिराकडून नवी घ्यायची तर अडीच-तीन लाखांची गोष्ट, वर जहाजाचा खर्च आणि कस्टम. म्हणून जुनी शोधायला लागलो, आणि इथंच सापडलो.

जाहिरात एका मोठ्या शहरातल्या माणसाची. फोटो देखणे. पिवळसर लाकूड, गोल छिद्रातून दिसणारं लेबल, त्यावर स्पॅनिश अक्षरं आणि ग्रानाडा, म्हणजे गिटार बनवण्यासाठी नावाजलेलं स्पेनमधलं शहर. फोनवर माणूस लोण्यासारखा मऊ. "सर, फ्लामेंका ब्लांका आहे, पाठ आणि कडा सायप्रसच्या, वरची फळी सलग स्प्रूसची. तुमच्यासारख्या वाजवणाऱ्याकडेच जावी असं वाटतं." हे "तुमच्यासारख्या" फार महागात पडलं. त्याला माहीत असलेले सगळे शब्द बरोबर होते. ब्लांका म्हणजे सायप्रस लाकडाची, नेग्रा म्हणजे शिसवीची. सायप्रस हलकं, आवाज कोरडा, झटकन उमटून झटकन विरणारा. नर्तकीच्या टाचांच्या गदारोळातून असाच आवाज पुढं येतो. मी हे वाचलेलं होतं, त्यानं तेच मला परत ऐकवलं आणि मला वाटलं, माणूस जाणकार आहे.

पुढं नेहमीचंच. बंगळुरूचं गिऱ्हाईक टोकन द्यायला तयार आहे, उद्यापर्यंतच थांबतो. आठ हजार त्याच रात्री यूपीआयनं पाठवले, उरलेले साठ पार्सल ट्रॅव्हल्सवर चढल्याची पावती आल्यावर. एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. सायप्रस, सलग फळी, हातानं बनवलेली, हे सगळं तो फक्त फोनवर बोलला होता. व्हॉट्सॲपवर त्याचं एकच वाक्य होतं: "फोटोत दिसते तशी." मी मेसेजमध्ये लाकडाचं विचारलं की त्याचा लगेच फोन यायचा.

पार्सल फोडलं तेव्हा पहिली शंका वजनानं आली. सायप्रसची चांगली गिटार साधारण सव्वा किलोची असते. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ही निघाली १ किलो ७००. मग मोजपट्टी घेऊन बसलो. फ्लेमेंको गिटारमध्ये ब्रिजपाशी, म्हणजे फळीवर तारा जिथं बांधतात तिथं, त्या फळीपासून सात-आठ मिलिमीटरच वर असतात, कारण ठोका मारणाऱ्या बोटाला फळी लगेच सापडली पाहिजे. माझ्या गिटारवर भरले १२. मानेवरच्या बाराव्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, जाड तारेखाली तीनच्या आसपास अंतर हवं, तिथं साडेचार. म्हटलं, ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी घासून खाली घेऊ. पण पट्टी आधीच ब्रिजच्या लाकडाला टेकत आलेली, घासायला जागाच नाही. फ्लेमेंको गिटारची मानच वेगळ्या कोनात बसवलेली असते. ही सरळसरळ क्लासिकल होती, वर ठोक्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवून दिलेलं. त्या प्लॅस्टिकच्या एका कोपऱ्यात हवेचा फुगाही राहिला होता.

तरी मन मानेना. २०१६ च्या दुष्काळात जिथून लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या मिरजेला गिटार घेऊन गेलो. तिथं सतारी-तानपुरे बनवणाऱ्या एका वयस्कर कारागिरासमोर ठेवली. ते आधीच म्हणाले, हे वाद्य आमचं नाही, पण लाकूड कळतं. त्यांनी तारा सैल केल्या, मोबाईलची बॅटरी लावली आणि गोल छिद्राच्या कडेवरून नख फिरवलं. "तबलीच्या, म्हणजे वरच्या फळीच्या, रेषा वरून येतात तशाच कडेवरून खाली उतरल्या पाहिजेत. इथं बघा." बघितलं तर कडेवर तीन थर, मधला आडवा. प्लायवूड. मग दाढीचा छोटा आरसा आत सरकवला. पाठीवर बाहेरून दिसणारी नक्षी आणि आतली नक्षी यांचा काही संबंध नव्हता. शेवटी त्यांनी लेबलाचा कोपरा चिमटीनं उचलला. कागद चहाच्या डागासारखा जुना, डिंक मात्र ताजा, आणि खाली दुसऱ्या एका लेबलाचा अंडाकृती ठसा.

दोन मिनिटंही लागली नाहीत. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. "वाजवायला वाईट नाही हो," म्हणाले, "फक्त जे सांगितलं ते नाही." ते खरंच आहे. कारखान्यात बनलेली पंधराएक हजारांची गिटार पंधरा हजारांना घेतली तर त्यात लाज कसली? मी ५३ हजार दिले ते ग्रानाडा या शब्दाला.

तक्रार केली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पहिला प्रश्न आला, "वस्तू मिळाली ना?" मिळाली. "मग लेखी काय आहे?" मी ते एक वाक्य दाखवलं. फोटोत दिसते तशी.

तुम्ही अशी काही घेत असाल तर माणसाकडून लाकूड आणि फळी लेखी घ्या, फोन आला तर उचलू नका. छिद्राच्या कडेचा फोटो मागा, अगदी जवळून. ब्रिजपाशी पट्टी उभी धरून फोटो काढायला सांगा. व्हिडिओ कॉलवर आरसा आत घालायला सांगा. खऱ्या मालकाला याचा राग येत नाही, उलट तो कौतुकानं दाखवत बसतो. आणि शक्य असेल तर पुण्या-मुंबईचं तिकीट काढा. मला येण्याजाण्याचा खर्च दोन हजार जड वाटला होता! सलग लाकडाची खरी मिळालीच, तर आपल्याकडचा एप्रिल-मे लक्षात ठेवा. दुपारच्या कोरड्या हवेत ती फळी तडकते. गिटारच्या डब्यात ओल्या स्पंजची भोकं पाडलेली डबी ठेवावी लागते. माझी प्लायवूडची, तिला ती चिंता नाही.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. वेगळं नाव, वेगळं शहर, किंमत ७२ हजार. फोटो मात्र तेच, जे माझ्याकडं आलेल्या गिटारचे कधी नव्हतेच. ओळखायचं असेल तर ब्रिजच्या डाव्या बाजूला, पातळ तारेच्या बरोबर उलट्या टोकाला, नखाएवढा ओरखडा आहे.