२४ फुटी सेकंडहँड यॉट, वर्षभर किनाऱ्यालगत वापरून

वर्ष होत आलं बोट घेऊन, म्हणून आता लिहायला हरकत नाही. शिडाची, २४ फूट लांब, फायबरग्लासची, फिन कील (तळाखालचा वजनदार पंख), ड्राफ्ट म्हणजे पाण्याखालची खोली १.२ मीटर, मागे ६ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बाहेर टांगलेलं इंजिन), आत चार बंक, म्हणजे झोपायच्या जागा. वापर सगळा किनाऱ्यालगत, जमीन दिसत राहील इतपत, बहुतेक वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी परत, कधीतरी एखादी रात्र नांगरावर. महासागर ओलांडायची स्वप्नं असतील तर हे तुमच्या कामाचं नाही.

बोटीच्या जाहिरातीत तीन गोष्टी मोठ्या अक्षरात असतात, किती जण झोपतात, आत ताठ उभं राहता येतं का आणि पळते किती. वर्षभरात या तिन्हींचा माझ्याशी फारसा संबंध आला नाही. चारपैकी दोन बंकांवर कायम शिडाच्या पिशव्या, दोर आणि फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून लावायचे फुगे) लोळत असतात. आत उभं राहायचंच कशाला, बोट चालू असताना सगळे वर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशीच्या उघड्या जागेतच बसतात. आणि स्पीडचं म्हणाल तर तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं. कीलवाली जड बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, पाण्यालगतची लांबी फुटात घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ ने गुणायचं की आला तिचा कमाल वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला सागरी मैलांत. माझी पाण्यालगत २० फूट भरते, म्हणजे ६ नॉट, ताशी ११ किलोमीटर. सायकलवाला आरामात पुढे जाईल. इंजिन दुप्पट ताकदीचं लावलं तरी पेट्रोल जास्त जळेल, बाकी काही नाही.

त्यातही वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तर हिशोब अजून खाली येतो. साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त वाऱ्याकडे तोंड करून अशी बोट चालत नाही, मग नागमोडी टॅक मारत, म्हणजे वारा आळीपाळीने दोन्ही बाजूंनी घेत जायचं, सरळ रेषेत १० मैल असलेलं ठिकाण १४ मैलांचं होतं, बोट थोडी बाजूला घसरते ते वेगळंच. साडेचार नॉटनी चाललोय असं दिसतं पण मुक्कामाकडे सरकतोय जेमतेम ३ नॉटनी. त्यात प्रवाह २ नॉटचा उलटा असला तर पुढचा डोंगर तासभर तिथल्या तिथेच. त्यामुळे आता निघायची वेळ घड्याळ नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक ठरवतं. गरम दिवसात सकाळी वारा मंद असतो आणि दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, तेव्हा परतीचा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर येणार नाही असं बघून ठिकाण निवडतो. आणि जोरदार वारा एकीकडून, प्रवाह बरोबर त्याच्या समोरून असला तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, अशा वेळी सरळ थांबायचं, काही तासात प्रवाह वळतो.

ज्याच्यासाठी या बोटीला मी पैकीच्या पैकी देईन ती गोष्ट जाहिरातीत नव्हतीच. मोठं शीड कमी करायच्या सगळ्या दोऱ्या कॉकपिटपर्यंत आणलेल्या आहेत. हे महत्त्वाचं का, तर वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, १० नॉटचा १४ झाला की शिडावरचा दाब जवळपास दुप्पट. कागदावर चारच नॉट, पण बोट बाजूच्या डेकची कड पाण्यात घालते आणि सुकाणूची दांडी दोन हातांनी ओढावी लागते. मग मेनशीट (मोठ्या शिडाचा कोन धरणारी दोरी) सोडायची, हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) खुणेपर्यंत ढिली करायची, रीफची, म्हणजे शीड कमी करायची दोरी विंचवर (दोर ओढायच्या फिरकीवर) घेऊन शीड बूमला, म्हणजे खालच्या आडव्या दांड्याला घट्ट बसेपर्यंत खेचायची, हॅलयार्ड परत ताणायची, मेनशीट आत. हात बसला की दोन मिनिटांचं काम. लगेच बोट ताठ होते, दांडी दोन बोटांवर येते, आणि गंमत म्हणजे वेग बहुतेक वेळा कमी होतच नाही. हेच काम डोलकाठीपाशी जाऊन, हलत्या डेकवर गुडघ्यावर बसून करायचं असतं तर ‘बघू अजून थोडा वेळ’ असं प्रत्येकाचं होतं. बघायला गेलात तर आधी हे तपासा, गाद्यांचं कापड नंतर.

आउटबोर्डबद्दल मत मिश्र. चांगलं म्हणजे वर उचलून पाण्याबाहेर ठेवता येतं, सर्व्हिसिंगला काढून नेता येतं, आतली जागा खात नाही. वाईट म्हणजे लाटेत बोटीचं नाक खाली गेलं की मागचा पंखा हवेत, इंजिन किंचाळतं आणि नेमकी गरज असते तेव्हाच ढकलणं बंद. लाँग शाफ्ट, म्हणजे खाली जास्त लांब जाणारं इंजिन असूनही हे होतंच. खाऱ्या पाण्यात वापरल्यावर गोड्या पाण्यावर पाच-दहा मिनिटं चालवून धुवायचं, आणि सुरू केल्या केल्या मागून पाण्याची बारीक धार येते का बघायचं, धार नाही म्हणजे थंड करणारं पाणी फिरत नाहीये, लगेच बंद. बंदरात आत-बाहेर करायला इंजिन पुरेसं आहे, पण त्याच्या भरवशावर किनाऱ्याच्या खडकाजवळून जाऊ नये.

नांगर टाकणं हा प्रकार मात्र मला प्रत्यक्ष चालवण्याइतकाच आवडायला लागलाय. नुसती साखळी असेल तर ती खोलीच्या निदान चौपट सोडायची, थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट, आणि ही खोली भरतीची धरायची, त्यात बोटीच्या नाकाची पाण्यावरची उंची मिळवायची. उलट कीलखाली पाणी किती उरेल हे ओहोटीचं बघायचं. यासाठी बाराव्या हिश्श्याचा नियम फार उपयोगी आहे, पाणी सहा तासात १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्श्यांनी उतरतं असं धरायचं. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटरचा असेल तर पहिल्या तासात फक्त पाव मीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पाऊण मीटर. म्हणून सुरुवातीला निवांत वाटतं आणि जेवून बाहेर येईपर्यंत चित्र पालटलेलं असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर हे आकडे अजून ताणले जातात. सगळीकडे हा नियम तंतोतंत बसत नाही, चिंचोळ्या खाड्यांमध्ये तर नाहीच, त्यामुळे हातचं राखून.

आता देखभाल, जिथे सगळा वेळ जातो. खारं पाणी काही सोडत नाही. तळाला अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा रंग) असूनही उबदार पाण्यात शेवाळ धरतंच, पंखा आणि शाफ्टसारख्या धातूच्या भागांवर शिंपले आधी चिकटतात, आणि नुसती बुळबुळीत साय आली तरी वेग पडलेला जाणवतो. झिंकचे अनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) अर्धे खाऊन झाले की बदलायचे, ते खाल्ले जाताहेत हीच चांगली बातमी आहे, जसेच्या तसे राहिले तर समजा वायर कुठेतरी सुटलीय. पुढचं गुंडाळलेलं शीड उन्हात कायम उघडं असतं, त्याच्या कडेची संरक्षक पट्टी आधी विरते, कापड धड दिसतं पण नखाने टाका ओढला की धागा तुटतो, ते बघत जा. डोलकाठीच्या स्टीलच्या तारा किती जुन्या आहेत हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, दहा वर्षांच्या पुढे गेल्या असतील तर विमावालेही तेच विचारतात.

लाइफ जॅकेट आपोआप फुगणारी घेतलीत म्हणून निर्धास्त राहू नका, आतला गॅसचा सिलेंडर हादऱ्यांनी आटे सोडतो, मधूनमधून हाताने आवळायचा. पाण्यात पडलेल्या माणसाला शोधण्याइतकंच त्याला वर घेणं अवघड असतं, ओल्या कपड्यातला माणूस दोघांनाही उचलत नाही. पाण्यातूनच हाताने खाली ओढता येईल अशी शिडी हवी. माझ्या बोटीवर मूळची शिडी फक्त वरून सुटायची, ती सगळ्यात आधी बदलली. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर ठेवतो, फोनवर नकाशे चांगले चालतात पण भर उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून कागदी चार्ट सोबत. आणि मोठ्या जहाजांसमोर ‘शिडाच्या बोटीला प्राधान्य’ वगैरे डोक्यातून काढून टाका, अरुंद जलमार्गात त्यांना अडथळा करायचा नाही असाच नियम आहे, इंजिन लावलं तर शिडं वर असली तरी तुम्ही मोटरबोटच.

मोठी घेणार का असं बरेच जण विचारतात. नाही. ३० फुटी बोट लांबीला पाव पट जास्त दिसते, पण त्याच बांध्याची असेल तर वजन जवळपास दुप्पट होतं, मग विंच, नांगर, दोर, रंग सगळंच वरच्या मापाचं आणि बाहेर काढायला दुसरं माणूस शोधत बसायचं. ही मी एकटा काढतो, मनात आलं की अर्ध्या तासात शिडं वर.

एक तक्रार अजून मिटलेली नाही, डावीकडच्या खिडकीतून बंकवर पाणी टपकतं. सीलंट दोनदा काढून लावलं, पाईपने पाणी मारून बघितलं तर एक थेंब नाही, बोट कलली आणि लाट वरून गेली की बरोबर उशीवर. आता काच नाही तर वरच्या रेलिंगच्या बोल्टमधून पाणी आत येऊन खिडकीच्या फ्रेमपाशी उतरतंय असा संशय आहे, तो बोल्ट पुढच्या आठवड्यात उघडतोय.