रिन्स एफएम: गच्चीवरून चोरून सुरू झालेलं स्टेशन, आज रोज ऐकतोय

गेले काही महिने रात्री कामं आटपली की लंडनचं रिन्स एफएम लावतोय. नेटवर फुकट ऐकता येतं, लंडनमध्ये असाल तर 106.8 वर लागतं. पण नुसतं लावून सोडून दिलंत तर अर्धी मजा गेली, हे स्टेशन कुठून आलंय ते आधी माहीत पाहिजे.

1994 मध्ये जीनियस आणि स्लिमझी या पोरांनी ईस्ट लंडनमध्ये हे सुरू केलं, लायसन्स वगैरे काही नाही, मोठी स्टेशनं जंगल म्युझिकला (वेगवान ड्रम आणि जड बेसवालं डान्स म्युझिक) विचारत नव्हती म्हणून आपणच वाजवू एवढाच हिशोब. स्टुडिओ कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये आणि ट्रान्समीटर दुसऱ्याच एखाद्या उंच टॉवरच्या गच्चीवर, कारण एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, अँटेना जितकी उंच तितकं लांबपर्यंत ऐकू येतं. मधला सिग्नल छोट्या लिंकने पाठवायचे, म्हणजे धाड पडली तर गच्चीवरचं सामान जाणार पण स्टुडिओ वाचणार. मग नवीन ट्रान्समीटर जोडायचा, पुन्हा गच्ची गाठायची. 2005 मध्ये तर स्लिमझीला ईस्ट लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातल्या उंच इमारतींच्या गच्चीवर जायलाच कोर्टाने बंदी घातली, तरी स्टेशन चालूच!

मला सगळ्यात जास्त आवडलं ते मिस्ड कॉलचं प्रकरण. स्टुडिओत एक मोबाइल ठेवलेला असायचा, गाणं आवडलं की ऐकणारे रिंग देऊन कट करायचे, पैसे खर्च न करता पावती पोचली, आणि रिंगा वाढल्या की एमसी (माइकवर बोलणारा) ओरडून डीजेला तेच गाणं मागे घेऊन पहिल्यापासून वाजवायला लावायचा. लोकांनी तेव्हा घरी कॅसेटवर रेकॉर्ड केलेले जुने शो आता नेटवर सापडतात, ते जरूर ऐका. आवाजात खरखर आहे, मधेच एमसी नंबरांचे शेवटचे तीन आकडे वाचून दाखवतो, आणि तो ज्याचा नंबर असेल त्याला घरी बसून काय वाटलं असेल याचा विचार करून अंगावर काटा येतो राव.

ग्राइम, म्हणजे लंडनचं वेगवान रॅपवालं म्युझिक, इथेच वाढलं, वायली आणि डिझी रास्कल हे रॅपर इथल्याच माइकवर तयार झाले, पुढे डबस्टेपलाही (जड बेसचा डान्स प्रकार) स्क्रीमसारख्या डीजेंमुळे इथेच घर मिळालं. शेवटी 2010 मध्ये, म्हणजे तब्बल 16 वर्षांनी, ऑफकॉमने (ब्रिटनची प्रसारणावर देखरेख ठेवणारी संस्था) कम्युनिटी रेडिओचं लायसन्स दिलं. हे फार आधी मिळायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, एवढं नवीन म्युझिक देणाऱ्यांना इतकी वर्षं गुन्हेगारासारखं पळावं लागलं.

आता आवाज एकदम स्वच्छ येतो. हिट गाणी पाहिजे असतील तर हे तुमच्यासाठी नाही, डीजे स्वतःच्या आवडीचं वाजवतात आणि कधीकधी तासभर ओळखीचं एकही गाणं लागत नाही, मला तेच हवंय. हेडफोन मात्र लावाच, मोबाइलच्या स्पीकरवर बेस येतच नाही, पहिला आठवडा मी तसंच ऐकलं आणि लोक एवढं काय कौतुक करतात तेच कळेना.

लंडनच्याच हॅकनी भागातलं जुनं पायरेट (बिनलायसन्सचं) स्टेशन कूल एफएम पण आता रिन्सकडेच आहे, जंगल ऐकायचं असेल तर तिकडून सुरुवात करा, शनिवारी रात्री मी तेच लावतो.