आठ महिने, दोन बादल्या आणि मेणाचा अर्धा डबा

काळी गाडी घेऊ नकोस, असं घरात सगळ्यांनी बजावलं होतं. घेतली. पुण्यात, उघड्या पार्किंगमध्ये, वर उंबराचं झाड. दोन वर्षांत बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसायला लागले. दिवाळीनंतर कार्नोबा मेणाचा (ताडाच्या पानांपासून मिळणारं, गाडीच्या रंगावर पातळ लावायचं मेण) 200 ग्रॅमचा डबा मागवला, त्याचा हा अनुभव.

आधी एक कबुली. ओरखडे मेणाने जात नाहीत. थोडे झाकले जातात, पुढच्या दोन-चार धुण्यांत पुन्हा वर येतात. ते पडतात मुळात कोरडी धूळ फडक्याने ओढल्यामुळे. आमच्याकडे सकाळी गाड्या पुसणारे दादा एकाच बादलीत वीस गाड्या उरकतात. त्यांना सांगितलं, पैसे तेवढेच घ्या, पण बाहेरून हात लावू नका, आतून साफ करा. ते हसले. त्यांचं काम हलकं झालं.

आता रविवारी ऊन यायच्या आत मीच धुतो. सोसायटीत पाइप लावायला बंदी, म्हणून झाडांवर फवारणी करायचा 5 लिटरचा हातपंप वापरतो. आधी नुसतं पाणी मारून धूळ भिजवायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, पुन्हा पाणी मारून ती खाली घालवायची. मग दोन बादल्या: एकीत गाडी धुवायचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा टपापासून खाली फिरवायचा आणि प्रत्येक पत्र्यानंतर साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा. पहिल्या दिवशी त्या बादलीच्या तळाशी बोटाला करकरणारी वाळू सापडली. एरवी ती रंगावर घासली गेली असती. चाकांसाठी फडकं वेगळं, आणि ती धुवायची सगळ्यात शेवटी. भांड्यांचा साबण चालत नाही, तो मेणही धुऊन काढतो.

टँकरचं पाणी जड. गाडीवर वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके पडतात, म्हणून लगेच टिपून घ्यायचं.

मेण लावताना माझी चूक झाली ती हावरटपणाची. जाड थर दिला, तो पुसता पुसता खांदे भरून आले. शिवाय बंपरच्या काळ्या, खरखरीत प्लॅस्टिकला लागलेलं मेण पांढरं पडलं. ते जुन्या टूथब्रशने घासत बसलो, तरी एका कोपऱ्यात अजून दिसतं. आता आधी प्लॅस्टिकवर चिकटपट्टी लावतो आणि नखावर मावेल एवढंच मेण एका दरवाजाला घेतो. धुरकट झालं की कोरड्या फडक्याने पुसायचं.

डब्यावर सहा महिने टिकेल असं लिहिलंय. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात सहा-सात आठवड्यांत पाणी थेंब धरेनासं झालं, म्हणजे मेण उतरलं. पण जूनमध्ये पुन्हा लावलं आणि पहिल्या सरीत बॉनेट पाहिलं: अक्षरशः अळवावरचं पाणी! उंबरं खाऊन कावळे जे करतात तेही ओल्या फडक्याने निघून येतं, फक्त त्याच दिवशी पुसलं तर. दोन दिवस उन्हात राहिलं की मेण असूनही रंगावर डाग उमटतो.

आठ महिन्यांत चारदा लावलं, डबा निम्मा शिल्लक आहे. फडकी मात्र नवी मागवावी लागली. जुन्यातलं एक आईने ओटा पुसायला नेलं. आता त्याला फोडणीच्या तेलाचा वास येतो.