नितिनॉलची तार घेऊ की पिझो पट्टी?

भाच्याचा फायनल इयर प्रोजेक्ट, आकार बदलणारा पंख, आणि दोन आठवडे नुसतं "मामा, नितिनॉल की पिझो" चाललंय. नितिनॉल म्हणजे गरम केलं की मूळ आकारात येणारा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, पिझो म्हणजे वीज दिली की किंचित लांब-आखूड होणारं सिरॅमिक. ओझरला विमानं बनतात म्हणून नाशकातल्या पोरांना पंखच करायचा असतो, असो.

तर भाच्या, आधी हालचाल बघ. नितिनॉलची तार गरम केली की साधारण 4 टक्के आखडते, पिझो सिरॅमिक जेमतेम 0.1, म्हणजे फ्लॅप (पंखाची मागची हलणारी कड) खरंच वाकवायचा तर तारच. पण ती थंड झाल्याशिवाय सैल होत नाही, निफाडच्या थंडीत पटकन होईल, मे महिन्यात गच्चीवर रडवेल, म्हणून 70 अंशांना आखडणारी नको, 90 वाली घे, ती लवकर सैल होते. पिझो मात्र सेकंदाला शेकडो वेळा हलतो.

खर्चात तार स्वस्त, साध्या बॅटरीवर चालते. पिझो फायबरच्या पट्टीला 1500 व्होल्टपर्यंत लागतात, ते हॉस्टेलवर जोडू नकोस बाबा! टिकण्याचं म्हणशील तर जास्त ताणली-तापवली की तार थकते, सिरॅमिकला तडा जातो.

बोइंगनं 2005 साली 777 वर इंजिनामागच्या दातेरी कडा नितिनॉलनंच हलवल्या, टेकऑफला आत, वर गेल्यावर सरळ. असं सावकाश, मोठं वळण हवं तर तार. पंखाची थरथर मारायची तर पिझो. तुला फ्लॅप वळवायचाय ना, तार घे, सोबत छोटा फॅन.